लॉरीचा सोमवार

माझ्या लग्नाच्या बैठकीत "मुलगा काय करतो?" या प्रश्नाला आमच्या काकांनी "पार्सल खात्यात असतो" असं उत्तर दिलं होतं. ते काही खोटं नव्हतं. सोलापूर स्टेशनवर उतरलेली पार्सलं पेठापेठांतून पोचवणारी एक एजन्सी होती, त्या एजन्सीची एक लॉरी होती, त्या लॉरीला एक ड्रायव्हर होता आणि त्या ड्रायव्हरचा मी क्लीनर होतो. एवढंच ते खातं. सासऱ्यांनी मात्र टेबल, खुर्ची आणि डोक्यावर पंखा असलं काहीतरी डोळ्यांपुढे आणलं असावं. आम्हीही ते पुसायला गेलो नाही.

त्याआधी मी एका गिरणीच्या हापिसात कारकून होतो. संपात गिरणी बंद पडली, आणि पुन्हा उघडली तेव्हा माझ्या खुर्चीवर कुणाचा तरी भाचा बसलेला होता. मॅट्रिकला बसण्याचा मला दांडगा अनुभव होता, पास होण्याचा नव्हता. अशा माणसाला जगात ज्या थोड्या जागा मोकळ्या असतात, त्यातली ही एक. सकाळी हँडल मारून लॉरी चालू करायची, पार्सलं चढवायची, पत्ते वाचून दाखवायचे, पार्सलं उतरवायची आणि उरलेला वेळ ड्रायव्हरचं ऐकून घ्यायचं. पगार मुख्यतः या शेवटच्या कामाचा होता.

ड्रायव्हरला सगळे अण्णा म्हणत. वय पन्नाशीच्या पुढे, अंगात बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला पटका आणि कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे. मूळचे अक्कलकोटकडच्या एका खेड्यातले. रागावले की कानडीत बोलत, आणि फार रागावले की बोलतच नसत. पहिल्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, मग नाव विसरून शिक्षण तेवढं ध्यानात ठेवलं. "मॅट्रिक, उतर खाली." "मॅट्रिक, हँडल मार." नव्या पेठेत भर बाजारात ही हाक आली की दोन-चार खरे मॅट्रिक मागे वळून बघत, आणि मला लॉरीखाली शिरून काहीतरी दुरुस्त केल्यासारखं करावं लागे.

लॉरी यायच्या आधी अण्णा याच एजन्सीची बैलगाडी हाकत. मालक म्हणजे मंगळवार पेठेतले लिंगायत व्यापारी. पैशाला जपणारे, आणि देवाला त्याहून थोडं कमी. आमच्या भागात सोमवारी बैल जुंपत नाहीत. सोमवार महादेवाचा आणि नंदी त्याच्या दारात बसलेला, तेव्हा त्याच्या जातभाईच्या मानेवर त्या दिवशी जू ठेवायचं नाही, अशी रीत. मालकांनीही ती पाळली होती. पण रेल्वेला ही रीत कुणी सांगितलेली नसल्यामुळे ती सोमवारीही पार्सलं उतरवून मोकळी होई, आणि मंगळवारी एजन्सीपुढे डोंगर उभा राही. मोटारीला वार नसतो, असं एके दिवशी मालकांच्या मनात आलं. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने वापरून वापरून टाकलेली एक लॉरी त्यांनी आणली, आणि दारचे सगळे बैल एकाच बाजारात विकून टाकले. देवाचं देवाला पोचलं आणि सोमवार मालकांना मिळाला, असं त्यांना वाटलं.

लॉरी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा बाकीचे गाडीवान मागे पळाले, आणि अण्णा पुढे जाऊन तिच्या बॉनेटवर थाप मारून आले. एवढ्या पात्रतेवर त्यांना ड्रायव्हर नेमण्यात आलं. लॉरीबरोबर मुंबईचा एक माणूस शिकवायला आला होता. अण्णांना शिकवण्यासारखं आता काही उरलं नाही, असं म्हणून तो लवकरच परत गेला. अण्णांच्या मते तो घाबरून गेला.

पहिल्या सोमवारी मालक शेडवर आले तर दार बंद, आणि अण्णा उंबऱ्यावर विभूती लावून बसलेले. हा प्रसंग मला अण्णांनी इतक्या वेळा सांगितला की मी तिथे नव्हतो हे मलाच आता खरं वाटत नाही.

"गाडी का काढली न्हाईस?"

"आज सोमवार हाय."

"अरे, ती मोटार हाय. मोटारीला कसला सोमवार?"

"काम बैलाचंच करती न्हवं?" अण्णा म्हणाले. "मग?"

याला उत्तर होतं. पण मालक स्वतः त्या दिवशी उपाशी होते आणि सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन थेट शेडवर आले होते. अशा वेळी नंदीविरुद्ध बोलायला माणूस कचरतो. पुढच्या सोमवारी त्यांनी चांगला दम भरला. अण्णांनी मुकाट्याने लॉरी काढली, ती शेडच्या दारातच बंद पडली आणि मंगळवारी सकाळी पहिल्या हँडलला सुरू झाली. असे दोन-तीन सोमवार गेल्यावर मालकांनी हार पत्करली, फक्त नाव बदललं. "सोमवारी आम्ही मशीन तपासतो," असं ते गिऱ्हाइकांना सांगत. मशीन तपासायला अण्णा देवळात जात.

लॉरीच्या पुढच्या दोन चाकांना त्यांनी आपल्या विकल्या गेलेल्या बैलांची नावं दिली होती. डावं शिंग्या, उजवं मोऱ्या. मागच्या चाकांना नावं नव्हती, कारण ती नुसती मागून येतात. "आज मोऱ्या बसला" याचा अर्थ पंक्चर, आणि "शिंग्या लंगडतुय" याचा अर्थ मी खाली उतरून हवा भरायची. दुपारी बॉनेटपाशी पाणी ओतताना अण्णा हलकी शीळ घालत, बैल पाण्यावर नेल्यावर घालतात तशी. त्याशिवाय गाडी पोटभर पाणी पीत नाही म्हणे. मीही शीळ घालावी असा हुकूम होता. मला शीळ येत नव्हती. "मॅट्रिकला हे न्हवतं व्हय?" त्यांनी विचारलं, आणि मग पाणी ओतायचं काम माझ्याकडून कायमचं काढून घेतलं. माझ्या आयुष्यात नापास होण्याचा इतका फायदा मला दुसऱ्यांदा झाला नाही.

बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, मडगार्ड हिंगुळाने रंगवले जात, भोंग्याला गोंडे लागत आणि बॉनेटवर झूल चढे. पुरणपोळीचा नैवेद्य मालकांच्या घरून येई. तो मालकीणबाई पाठवत. त्यांना सगळे आक्का म्हणत. बैल होते तेव्हा त्या स्वतः त्यांना घास भरवायच्या, आणि बैल विकले त्या दिवशी जेवल्या नव्हत्या, असं शेजारीपाजारी सांगत. अण्णा आणि आक्का एकमेकांशी दोन वाक्यांवर कधी बोलल्याचं मी ऐकलं नाही. पण लॉरी हा बैलच आहे याबद्दल अख्ख्या सोलापुरात या दोघांचंच काय ते एकमत होतं. नैवेद्य लॉरीपुढे धरून, ती खात नाही याची खात्री करून, अण्णा तो स्वतः खात.

हे सगळं चालून गेलं असतं. खरी आपदा निराळीच होती. अण्णा लॉरी मागे घेत नसत. मागे घ्यायचा गिअर लॉरीला होता, मुंबईच्या माणसाने तो दाखवला होता, पण अण्णांनी त्याला हात लावला नाही. "जुपल्याला बैल मागं सरकतो," ते म्हणत, "मागं चालत न्हाय." आता सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या गल्ल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना याचा अर्थ कळेल. गल्लीत शिरायचं, पार्सल द्यायचं, आणि पुढे भिंत दिसली की अण्णा हातावर हात ठेवून बसत. मी खाली उतरून घराघरांतून माणसं गोळा करायची. मागावर बसलेले विणकर धोटा खाली ठेवून, तेलुगूत माझ्या मागच्या पिढ्यांची विचारपूस करत बाहेर येत आणि लॉरी ढकलत मागे नेत. ढकलणाऱ्यांना अण्णा वरून "हो, हो, सावकास" असं सांगत. लोकांनी सरकवलेलं त्यांना चालत होतं, कारण ते सरकणं होतं.

एकदा साखर पेठेतल्या एका बोळात समोरून प्रेतयात्रा आली. बोळ इतका अरुंद की लॉरीच्या दोन्ही बाजूंना जेमतेम एक-एक कुत्रं जाईल. पुढे ताशा, मागे तिरडी, त्यामागे सगळी आळी.

"गाडी मागं घ्या," तिरडीपुढचा म्हातारा म्हणाला.

"तुमी मागं घ्या की," अण्णा म्हणाले.

"मढं मागं फिरवत्यात काय?"

"मग?" अण्णा म्हणाले.

आता तिरडी मागे फिरत नाही हे शास्त्र, आणि अण्णा मागे फिरत नाहीत हे त्याहून जुनं शास्त्र. ढकलायला माणसं बोलवावी तर ती सगळी तिरडीच्या मागे अडकलेली. ऊन चढत होतं. ताशेवाला थोडा वेळ वाजवून थांबला, कारण चालत नसलेल्या प्रेतयात्रेत वाजवायचं काय, हे त्याला कळेना. शेवटी अण्णा खाली उतरले, पुढची काच आडवी पाडली, कापडी टप दुमडला, आणि तिरडी लॉरीवरून न्यायची ठरली. काही माणसं बॉनेटवर, काही आमच्या पार्सलांवर, अशी हातोहात ती तिरडी गेली आणि मागच्या फळीवरून खाली उतरली. अण्णांनी स्वतः खांदा दिला. मागची मंडळी लॉरीखालून आणि लोकांच्या घरांतून वाट काढत पलीकडे गेली, आणि ताशा पुन्हा सुरू झाला. हे झाल्यावर त्या दिवशीची पार्सलं घ्यायला गावात कुणी तयार होईना. एका मिठाईवाल्याने तर दारच लावलं. दिवसभर मी गोमूत्राचा तांब्या हातात घेऊन प्रत्येक खोक्यावर शिंपडत हिंडलो. संध्याकाळी अण्णा म्हणाले, "कुनाचं काय अडलं? त्यो पोचला, पार्सलं पोचली."

असा माणूस नोकरीवर टिकतो कसा, हे कोडं मला सुटलं नव्हतं. मालकांनाही सुटलं नसावं. दुसरा ड्रायव्हर मुंबईहून आणायचा तर राहायला जागा द्यावी लागली असती, हेच कारण असेल.

आणि मग तो वैशाखातला सोमवार आला.

आक्का आठ-दहा दिवस विषमज्वराने पडून होत्या. ताप उतरायचं नाव घेईना. डॉक्टरांनी सांगितलं, डोक्यावर बर्फ पाहिजे, आजच्या आज पाहिजे, नाहीतर माझ्या हातात काही नाही. गावात त्या दिवसांत बर्फ मिळेना. मालकांनी हे ओळखून आदल्या दिवशीच पुण्याला तार केली होती, आणि सोमवारी दुपारच्या गाडीने भुशात भरलेलं बर्फाचं मोठं खोकं स्टेशनवर उतरलं. पत्ता आमच्याच एजन्सीचा.

आणायचं कसं, हा प्रश्न. स्टेशनवरच्या टांगेवाल्यांचा आणि हातगाडीवाल्यांचा धंदा आमच्या लॉरीने खाल्ला होता, म्हणून त्यांनी एजन्सीचा माल उचलायचा नाही असं एकमताने ठरवून टाकलेलं. मालकांचा माणूस त्यांच्या पाया पडून आला. ते म्हणाले, तुमची मोटार आहे की. बैलगाडीवाले तर सोमवारचे गाड्या सोडून झोपलेले. मालकांनी आयुष्यभर जपून केलेला सगळा व्यवहार त्या दुपारी असा एकदम अंगावर आला.

मी शेडमध्ये जेवण उरकत होतो. अण्णा उंबऱ्यावर बसले होते, उपाशी. मालक धावत आले. डोक्याला पगडी नव्हती, आणि पगडीशिवाय मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"अण्णा, गाडी काढ."

"आज सोमवार हाय, मालक."

"मला सांगतोस सोमवार? तिकडं ती तापानं बरळतीय. स्टेशनवर बर्फ इतळून चाललाय. काढ गाडी."

अण्णांनी मान वर केली. "आक्काला बरफ पायजे व्हय?"

"नाहीतर काय मला सरबतात घालायला?" मालक ओरडले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला येती का रे चालवायला?"

मला हँडल मारता येत होतं, तेवढंच. चक्राला हात लावायची क्लीनरला मनाई होती. मी मान हलवली.

अण्णा उठले, सीटखालचं हँडल काढलं आणि मालकांच्या हातात ठेवलं. "ह्ये घ्या. उद्यापास्नं दुसरा मानूस बगा. गाडी जुपनार न्हाय. पन बरफ येतुय."

मला वाटलं, आता मालक तेच हँडल यांच्या डोक्यात घालतात, आणि खरं सांगायचं तर मला त्यात काही वावगं वाटलं नसतं. एक बाई मरणाच्या दारात, आणि हा गृहस्थ पेट्रोलवर चालणाऱ्या लोखंडाचा उपास सांभाळतोय. शिवाय ड्रायव्हर गेला की क्लीनरही जातो, हेही मला त्याच क्षणी आठवलं. अण्णा मात्र शेडच्या मागे गेले. तिथे जुन्या गाड्यांपैकी एक, कुणी विकत न घेतलेली, गवतात पडून होती. त्यांनी ती ओढून बाहेर काढली आणि जुवाची उजवी बाजू खांद्यावर घेतली.

"मॅट्रिक, डावीकडं ये."

"खोकं डोक्यावरून आणू," मी म्हणालो.

"तुज्या डोक्यावरनं? निम्म्या वाटंत बसशील. ये."

आणि मी गेलो. का गेलो हे मला आजही नीट सांगता येत नाही. आक्कांनी दर बेंदराला लॉरीच्या नैवेद्याबरोबर माझ्यासाठीही एक पोळी वेगळी बांधून दिलेली असे, हे एक. आणि नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, तेवढी सवड अण्णांनी दिली नाही, हे दुसरं.

जाताना गाडी रिकामी होती, तरी जू मानेत रुतायला लागलं. स्टेशनवर टांगेवाले लिंबाच्या सावलीत बसले होते. आम्हाला बघून एकजण म्हणाला, "क्या अण्णा, मोटर ले को बैल बन गये क्या?" सगळे हसले. अण्णा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पार्सल हापिसात मी सही केली, हमालांनी लांबूनच पाहिलं, आणि आम्ही दोघांनी ते खोकं गाडीत चढवलं. गोणपाटाखालून पाणी गळत होतं.

परतीची वाट मला अजून जशीच्या तशी आठवते, कारण मी ती बहुतेक खाली बघतच चाललो. डांबर वितळत होतं. मागे पाण्याची धार लागलेली, म्हणजे आक्कांच्या वाटणीचा बर्फ आम्ही थोडाथोडा करून रस्त्याला देत होतो, आणि जेवढं हळू जाऊ तेवढा जास्त. नव्या पेठेत दुकानदार बाहेर आले. "मोटार एजन्सी आली," असं कुणीतरी ओरडलं. एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवर माझे सासरे उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जुवाकडे पाहिलं, आणि पुन्हा आत जाऊन नको असलेलं एक धोतर विकत घेतलं. पार्सल खात्याचा विषय आमच्यात त्यानंतर कधी निघाला नाही.

तेव्हा मात्र मी चिडलो. "अण्णा, लोखंड सावलीत उभं आणि माणसं जुवाला. हे कुठलं शास्त्र?"

अण्णा धापत होते. चार पावलं गेल्यावर म्हणाले, "तुला जू घे म्हनलो, तवा तुला न्हाय म्हनता आलं असतं का न्हाय?"

"आलं असतं."

"मला आलं असतं?"

"तुमचं तर कामच ते आहे."

"मग झालं तर. गाडीला येत न्हाय. बैलाला येत न्हाय. ज्याला न्हाय म्हनता येत न्हाय, त्याच्या वतीनं आटवड्यातनं येकदा म्या म्हनतो. येवढंच हाय त्ये."

एवढंच होतं ते. इतके दिवस मी त्यात नंदी, महादेव आणि अडाणीपणा शोधत होतो. मी जू मानेवर जरा वर सरकवलं आणि जोर लावला.

मंगळवार पेठेच्या आधी जो चढ आहे तिथे गाडी अडली. आम्ही दोघांनी जोर लावला, चाक हलेना, आणि गाडी मागे सरकायला लागली. मला वाटलं, संपलं. एवढ्यात ती एकदम हलकी झाली. मागे वळून पाहिलं तर स्टेशनवर हसलेला तोच टांगेवाला, टांगा रस्त्यात सोडून, दोन्ही हात लावून ढकलत होता. चढ संपल्यावर तो हात झटकून परत गेला. ठराव माल उचलायचा नाही असा आहे, ढकलायचा नाही असा नाही, असं त्याने आपल्या मंडळींना सांगितल्याचं मागाहून कळलं.

दारात डॉक्टर उभे होते. खोकं फोडलं तर निम्म्याहून थोडा अधिक बर्फ शिल्लक होता. तेवढा पुरेल, असं डॉक्टर म्हणाले, आणि आत गेले. आत कुणीतरी बर्फ फोडायला लागलं तो आवाज आम्ही दोघे ओट्यावर बसून ऐकत होतो. मला रडू येत होतं, थकव्याने की भीतीने, ते माहीत नाही. अण्णांनी पटका सोडून तोंड पुसलं आणि घराकडे चालायला लागले. रात्रभर बर्फ चालला, आणि पहाटे ताप उतरायला लागला.

मंगळवारी सकाळी मी शेडवर गेलो. मालक हातात हँडल घेऊन लॉरीपुढे उभे होते, एखाद्याला परक्याचं मूल धरायला द्यावं तसे. अण्णा आले नव्हते. आम्ही दोघे त्यांच्या खोलीवर गेलो. ते चटईवर पालथे पडले होते. उजवा खांदा सोलून निघाला होता.

मालकांनी हँडल त्यांच्या उशाशी ठेवलं. "ऊठ. गाडी काढायची हाय."

"आज न्हाय," अण्णा उशीत तोंड ठेवूनच म्हणाले. "सोमवारी बैल जुपला, तर मंगळवारी सोडाय लागतो."

"आणि हा?" मालकांनी माझ्याकडे बोट केलं.

"त्योबी."

अण्णांनी माझ्या बाजूने बोललेलं हे पहिलं आणि शेवटचं वाक्य. मालक निघून गेले, हँडल तिथेच ठेवून. मी दिवसभर तिथेच भिंतीला टेकून बसून राहिलो. रात्री बायकोपासून लपवलेला खांदा घरी जाऊन उजेडात दाखवायचा धीर नव्हता.

संध्याकाळी मालक पुन्हा आले. एकटे, आणि हातात केळीच्या पानाने झाकलेली एक वाटी. ते आत आले आणि थेट खाली बसले. ज्या माणसाने आयुष्यात कुणाच्या चटईवर बूड टेकलं नाही, तो अण्णांच्या पाठीशी मांडी घालून बसला.

"आक्का बोलली का?" अण्णांनी विचारलं.

"दुपारी बोलली. पेज घेतली," मालक म्हणाले. "कुणीतरी तिला सगळं सांगितलं. त्यावर तिनं हे कढवून घेतलंय." त्यांनी पान काढलं. वाटीत कोमट तूप आणि हळद होती. "म्हणाली, बैल विकल्यापासनं खांदे मळायचं राहूनच गेलंय."

आमच्याकडे बेंदराच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकून हळद-तूप चोळतात. वर्षभर जू ओढलेल्या मानेला धन्याच्या हाताने मिळणारी तेवढीच मजुरी. मालकांच्या दारात इतके बैल होऊन गेले, पण हे काम त्यांनी कधी स्वतः केलेलं नव्हतं. गाडीवान करत किंवा आक्का करत. आता त्यांना किती दाबावं हेही कळत नव्हतं. दोन बोटं तुपात बुडवून ते अण्णांच्या सोललेल्या खांद्याच्या कडेकडेने फिरवत राहिले. 

मग ते माझ्याकडे वळले. "सदरा काढ."

"नको, मालक," मी म्हणालो. "मला फारसं लागलं नाही."

"काढ म्हणतो न्हवं."

मी सदरा काढला. त्यांचा हात मानेवर आला तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं, कारण डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं आणि ते त्या दोघांना दिसू नये असं मला वाटत होतं. बाहेर पोरं आट्यापाट्या खेळत होती.

"घरी गेलो की विचारील," मालक म्हणाले, "नीट चोळलं का म्हणून. काय सांगू तिला?"

अण्णांनी मान वळवली नाही. "सांगा," ते म्हणाले, "मालक बैलं वळखाय लागलं."

मालकांनी पुन्हा वाटीत बोटं बुडवली.